गाड्यांचे आकार एकसारखे आणि चेहरे रागीट: हे वाऱ्याने केले, नियमांनी केले की आपणच मागून घेतले?

रेषाप्रेमी

समोरून येणाऱ्या गाडीचे बोधचिन्ह दिसण्याआधीच ती कोणत्या कंपनीची आहे हे ओळखायचे, हा माझा लहानपणापासूनचा खेळ. पूर्वी रात्रीच्या अंधारात नुसत्या मागच्या दिव्यांवरूनही मी तो जिंकत असे. आता भर उन्हात, गाडी शेजारी उभी असताना मी हरतो. नजर मंदावली असे म्हणून विषय संपवता आला असता. पण १९५५ ची सित्रोएन डीएस, १९५९ ची मिनी किंवा १९७४ पासून विक्रीस आलेली लॅम्बोर्गिनी काउंताश यांच्या बाजूच्या आकृती काळ्या कागदातून कापून समोर ठेवल्या, तर त्या मी आजही क्षणात ओळखीन, आणि गाड्यांत फारसा रस नसलेला माणूसही त्या एकमेकींपासून वेगळ्या आहेत एवढे तरी नक्की सांगेल. आजच्या मध्यम आकाराच्या दहा एसयूव्हींच्या आकृती तशाच कापून ठेवल्या, तर मात्र उडदामाजी काळे-गोरे काय निवडावे असा प्रश्न पडेल.

दुसरी तक्रार चेहऱ्यांविषयी आहे. जुन्या गाड्यांचे गोल दिवे थोडे भाबडे, थोडे आश्चर्यचकित वाटत. आताचे दिवे डोळे बारीक करून पाहणाऱ्या माणसासारखे असतात आणि त्यांच्याखाली बंपरच्या तळापर्यंत पोहोचलेली अवाढव्य जाळी असते. घरगुती वापराची, मुलांना शाळेत सोडणारी गाडीसुद्धा भांडायला निघाल्यासारखी दिसते.

याची तीन स्पष्टीकरणे माझ्या वाचनात वारंवार येतात. हवेचा अवरोध कमी करायचा तर आकार एकच निघतो, हे पहिले. पादचाऱ्यांच्या सुरक्षेच्या नियमांमुळे गाडीचा पुढचा भाग उंच झाला, हे दुसरे. ग्राहकाला हेच हवे आहे, हे तिसरे. या तिन्हींचा उपयोग जो तो आपल्या सोयीने करतो आणि वड्याचे तेल वांग्यावर निघते, असा माझा संशय आहे. ज्यांनी या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे, की यांतली खरी सक्ती कोणती आणि सबब कोणती?

वाऱ्याचा_वेध

आपण दोन तक्रारी वेगळ्या मांडल्यात हे बरे केलेत, कारण त्यांची उत्तरे वेगळी आहेत. मी काही वर्षे पवनबोगद्यात (उभ्या गाडीवर जोराचा वारा सोडून मोजमाप घेण्याच्या दालनात) गाड्यांच्या चाचण्या घेण्याचे काम केले आहे, त्यामुळे वाऱ्यापुरते बोलतो.

गाडीला हवेचा होणारा अवरोध दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो: आकार किती गुळगुळीत आहे हे सांगणारा अवरोध गुणांक आणि समोरून दिसणारे क्षेत्रफळ. वेग दुप्पट झाला की हा अवरोध चौपट होतो आणि तो ओलांडण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. म्हणून शहरात वाऱ्याला फारसे कोणी विचारत नाही आणि महामार्गावर तोच इंधनाचा किंवा बॅटरीचा मोठा वाटा खातो. कमी अवरोधाचा आकार कोणता, हे शंभर वर्षांपासून माहीत आहे: पुढे गोलाकार, मागे हळूहळू निमुळता होत जाणारा थेंब. एडमुंड रुम्प्लर यांनी १९२१ मध्ये अशीच थेंबाच्या आकाराची गाडी दाखवली होती. ती १९७९ मध्ये फोक्सवॅगनच्या पवनबोगद्यात ठेवून मोजली, तेव्हा तिचा गुणांक ०.२८ निघाला, आणि आजही अनेक नव्या गाड्या त्याच्या आसपासच घुटमळतात. पूर्ण थेंबाची शेपटी फार लांब होते. म्हणून ती ठरावीक ठिकाणी सरळ कापून टाकावी, त्यात नुकसान थोडे आणि सोय मोठी, हे वुनिबाल्ड काम यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र १९३० च्या दशकातले आहे.

त्यामुळे कमी उंचीच्या, लांब पल्ल्याच्या विद्युत गाड्या एकसारख्या दिसतात ही तक्रार मला मान्य आहे. २०२१ ची मर्सिडीज ईक्यूएस ०.२० वर आहे आणि २०२२ ची ह्युंदाई आयोनिक ६ ही ०.२१ वर. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या या दोन कंपन्यांच्या गाड्यांचे छत एकाच कमानीत वाकलेले आहे, कारण दोघींनी एकाच परीक्षेची उत्तरपत्रिका लिहिली आहे. ही ओरडही नवी नाही. १९८२ मध्ये ऑडी १०० ने काचा पत्र्याच्या पातळीत बसवून ०.३० गाठले आणि त्याच वर्षी फोर्ड सिएराचा गुळगुळीत आकार बाजारात आला, तेव्हाही आता पवनबोगदाच सगळ्या गाड्या काढणार आणि चित्रकारांची गरज उरणार नाही, असेच बोलले जात होते. सिएराला तर ब्रिटनमध्ये जेलीच्या साच्याची उपमा मिळाली होती.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू सांगतो. आपण ज्या दहा एसयूव्हींच्या आकृती कापणार आहात, त्यांच्या एकसारखेपणाचा दोष वाऱ्याला देता येणार नाही, कारण वाऱ्याला विचारले असते तर त्या जन्मालाच आल्या नसत्या. एक साधा हिशोब पाहा. ०.२९ गुणांकाची आणि २.२ चौरस मीटर समोरच्या क्षेत्रफळाची सेडान घेतली, तर ताशी १०० किलोमीटरला हवेचा अवरोध सुमारे २९५ न्यूटन येतो आणि त्यावर मात करायला ८ किलोवॅटहून थोडी अधिक शक्ती लागते. ०.३३ गुणांकाची आणि २.७ चौरस मीटर क्षेत्रफळाची एसयूव्ही घेतली, तर तोच अवरोध ४१० न्यूटनच्या पुढे आणि शक्ती साडेअकरा किलोवॅटच्या आसपास जाते. म्हणजे सुमारे ४० टक्के वाढ झाली, आणि तिच्यातला मोठा वाटा गुणांकाचा नसून क्षेत्रफळाचा आहे. कंपन्या जाहिरातीत गुणांक छापतात, क्षेत्रफळ सहसा छापत नाहीत, हे लक्षात ठेवावे. आधी उंच खोका ठरतो, मग तो खोका वाऱ्याला त्यातल्या त्यात कसा सुसह्य करायचा हे आमच्यासारख्यांना विचारले जाते. छत मागे थोडे उतरवा, मागच्या काचेवरची छताची कड (स्पॉयलर) लांबवा, मागच्या दिव्यांच्या कडा धारदार करा म्हणजे वारा तिथे स्वच्छ सुटेल. प्रत्येकाला हीच उत्तरे मिळतात, म्हणून सगळ्यांच्या पाठी सारख्या दिसतात.

विद्युत गाडीत आणखी एक भर पडते. बॅटरी पायांखाली पसरलेली असते, त्यामुळे गाडीच्या आतला तळ वर येतो आणि बसणाऱ्याचे गुडघे फार वर येऊ नयेत म्हणून आसन आणि छतही वर सरकतात. उंची लपवायची असेल, तर व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, लांबवणे आणि चाके मोठी करणे हे दोनच उपाय सर्वांच्या हाताशी असतात.

पादचारी सुरक्षेबद्दल थोडक्यात सांगतो. युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरोपीय संस्थेने १९९७ पासून त्याची चाचणी घेतली आणि युरोपीय संघाचे २००३ चे निर्देश २००५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. पादचाऱ्याचे डोके बॉनेटवर आपटले तर पत्रा आत दबायला हवा आणि पत्र्याखाली लगेच इंजिनाचा कठीण भाग लागता कामा नये, हे त्यामागचे तत्त्व. त्यासाठी पत्रा आणि इंजिन यांच्यामध्ये काही सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी लागते. बॉनेट त्यामुळे फुगीर झाले, हे खरे. पण त्या काही सेंटिमीटरच्या नावावर आज जेवढी उंची खपवली जाते, तेवढी नियमाने कधीच मागितलेली नाही. ज्यांना बॉनेट खालीच ठेवायचे होते त्यांनी धडक होताच मागची कड वर उचलणारे बॉनेट बसवले. जग्वार एक्सके हे त्याचे जुने उदाहरण.

मातीकाम

वाऱ्याचा_वेध यांच्याशी बहुतांशी सहमत आहे. तरी चाके मोठी करणे हा उंची लपवण्याचा उपाय आहे, असे ते जाता जाता म्हणाले, तिथे मला थांबावेसे वाटते, कारण माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे.

मी माती घडवणारा माणूस आहे. हार्ले अर्ल यांनी जनरल मोटर्समध्ये १९२७ पासून आकार ठरवण्यासाठी मातीची प्रतिकृती रुळवली आणि संगणक आल्यावरही ती पद्धत संपलेली नाही. पूर्ण आकाराच्या मातीच्या गाडीवर चकचकीत पातळ थर चढवून आम्ही तिच्याभोवती फिरतो आणि उजेडाची रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडखळता धावते का, हे पाहतो. ती मध्येच थबकली तर पृष्ठभागात खोट आहे. पडद्यावर ती दिसत नाही असे नाही. पण पडद्यावर आपण गाडीभोवती फिरत नाही, गाडीला आपल्याभोवती फिरवतो. या दोन्हींत फरक आहे.

आकृती शिकवताना विद्यार्थ्याला पहिल्यांदा एक ठोकताळा सांगतात: गाडीची उंची साधारण दोन चाकांएवढी आणि पुढच्या-मागच्या चाकांमध्ये तीन चाके मावतील एवढे अंतर ठेवावे. कागदावर हे नेहमीच देखणे दिसते, प्रत्यक्षात ते फार थोड्या गाड्यांना जमते. जॉर्जेटो जुजारो यांनी रेखाटलेली १९७४ ची पहिली फोक्सवॅगन गोल्फ घ्या. तिची उंची सुमारे १,४०० मिमी होती आणि १३ इंची रिमवर १५५ मिमी रुंदीचा टायर चढवला की चाकाचा पूर्ण व्यास सुमारे ५८० मिमी होई. म्हणजे उंची जवळजवळ २.४ चाके. तरीही ती हलकी आणि नेटकी दिसते. याचे कारण चाके मोठी नसून पत्रा थोडा आहे, हे आहे. खिडक्यांखालची रेषा इतकी खाली आहे, की गाडीचा बराचसा भाग म्हणजे काचच आहे.

आता १,६५० मिमी उंचीच्या एसयूव्हीला तेच ५८० मिमीचे चाक लावून पाहा. उंची चाकांच्या जवळपास तिप्पट भरेल आणि गाडी छोट्या चाकांवर ढकलत न्यायच्या कपाटासारखी दिसेल. म्हणून १९ इंची रिम येते, व्यास ७४० मिमीच्या आसपास जातो आणि प्रमाण सव्वादोनवर येऊन थांबते. पण मोठ्या चाकाला मोठी कमान लागते. कमान वर चढली की तिच्या वरची पत्र्याची पट्टी बारीक आणि दुबळी दिसू लागते, म्हणून खिडक्यांखालची रेषाही वर सरकते. रेषा वर गेली की पत्र्याची एक उंच, कोरी भिंत तयार होते. ती कोरी भिंत डोळ्यांना सहन होत नाही, म्हणून तिच्यावर घड्या पाडायच्या, खालच्या कडेला काळे प्लास्टिक लावायचे आणि दारांमध्ये खोबणी काढायची. आपल्याला ज्या रेषांचा गोंगाट दिसतो, तो बहुतेक वेळा मूळ प्रमाण चुकल्यावर केलेली डागडुजी असतो.

घड्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण त्यांना सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो आणि त्याचा मोठा सपाट तुकडा बोटाने दाबला तरी डबडबतो. त्यात एक घडी घातली की तोच पत्रा ताठ होतो. साच्यात पत्रा किती खोल ओढता येईल आणि घडीची कड किती बारीक ठेवता येईल, याला पूर्वी फार मर्यादा होत्या. पत्रा फाटत असे किंवा साच्यातून सुटल्यावर उसळून मूळपदावर जाऊ पाहत असे. हे सगळे संगणकावर आधीच तपासता येऊ लागल्यावर कडा तीक्ष्ण झाल्या. मुख्य रचनाकार क्रिस बँगल यांच्या काळातील बीएमडब्ल्यूने अंतर्वक्र आणि बहिर्वक्र पृष्ठभाग एकमेकांत वळवण्याचा जो प्रयोग केला, त्याला २००१ च्या सातव्या मालिकेच्या (७ सीरिज) गाडीनंतर प्रचंड शिव्या बसल्या. पण त्यामागे विचार होता. प्रत्येक घडी कुठून निघते आणि कुठे जिरते, याचे उत्तर त्यांच्याकडे होते. नंतर ज्यांनी नक्कल केली त्यांनी घड्या तेवढ्या उचलल्या.

थोडे विषयांतर करतो. गाडीच्या पत्र्याचा वक्र गणितात नेमका कसा लिहावा, या अडचणीतून रेनोमध्ये पिएर बेझिए आणि सित्रोएनमध्ये पॉल द कास्तल्जो यांनी स्वतंत्रपणे जी पद्धत शोधली, तिच्या वक्रांनीच आज संगणकावरच्या बहुतेक अक्षरांची वळणे रेखली जातात. आपण इथे जी अक्षरे वाचत आहात, त्यांनाही ते लागू आहे.

मागचे_आसन

मी अभियंता नाही की कलावंतही नाही. मी मागे बसणारा माणूस आहे. माझी तक्रार साधी आहे. मागच्या दाराची काच मागे जाता जाता वर चढते आणि निमुळती होते, त्यामुळे मुलांना बाहेरचे दिसत नाही आणि त्यांना गाडी लागते, असा माझा अनुभव आहे. चालवणाऱ्याचीही तीच गत आहे. अमेरिकेत २००९ मध्ये छताच्या मजबुतीचा निकष वाहनाच्या वजनाच्या दीडपटीवरून तिपटीवर नेला गेला, आणि पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब जाड झाले. उलटलेल्या गाडीत माणूस वाचावा म्हणून हे केले, त्याला माझा विरोध नाही. पण मागची काच फटीएवढी का झाली? ती आधी फॅशनसाठी लहान केली आणि मग मागचे दिसत नाही म्हणून कॅमेरा बसवला. मे २०१८ पासून तर अमेरिकेत नव्या गाड्यांना तो सक्तीचाच आहे. कॅमेरा उपयोगाचा आहे. तो काचेची भरपाई म्हणून द्यायला नको होता, एवढेच माझे म्हणणे आहे.

उघडा_बॉनेट

आतापर्यंतच्या चर्चेत चेहऱ्याचा मुद्दा मागे पडला. तो मी घेतो, कारण मूळ प्रश्नातला सबबींचा भाग तिथेच उघडा पडतो.

गाडीच्या जाळीचे काम रेडिएटरपर्यंत हवा पोहोचवणे हे होते. त्यासाठी ती डोळ्यांत भरेल एवढी मोठी लागते, हे कधीच खरे नव्हते. आपणच उल्लेख केलेली सित्रोएन डीएस बंपरच्या खालून हवा घेत असे, आणि तिला समोरून पाहिले तर जाळी जवळजवळ दिसतच नाही. मागे इंजिन असलेल्या, हवेने थंड होणाऱ्या बीटलला तर पुढे जाळी नव्हतीच, आणि तिच्याएवढा ओळखू येणारा चेहरा दुसरा सांपडणे कठीण आहे. म्हणजे ओळखीसाठी जाळी लागते हा युक्तिवादही टिकत नाही. २००० च्या दशकात ऑडीने जाळी बंपर ओलांडून खाली नेली आणि पुढे लेक्ससने डमरूच्या आकाराची जाळी आणली. बीएमडब्ल्यूने २०२० मध्ये चौथ्या मालिकेच्या (४ सीरिज) गाडीच्या उभ्या नाकपुड्या मोठ्या केल्या. यांपैकी एकाही निर्णयाला इंजिन थंड ठेवण्याची गरज कारणीभूत नव्हती. बीएमडब्ल्यूच्याच २०२१ च्या आयएक्स या विद्युत गाडीत तर तो आकार पूर्ण बंद आहे आणि त्याच्या मागे कॅमेरे व रडार बसवलेले आहेत. फुफ्फुसे नाहीत, तरी नाकपुड्या आहेत.

दिव्यांचेही तसेच. अमेरिकेत १९४० पासून १९८३ पर्यंत ठरावीक आकाराचेच सीलबंद दिवे वापरावे लागत, म्हणून सगळ्यांचे डोळे गोल किंवा चौकोनी होते आणि ज्यांना ते आवडत नव्हते ते दिवे बॉनेटमध्ये लपवत. लपवता येणारे दिवे १९३६ च्या कॉर्ड ८१० पासून चालत आले आणि २००४ मध्ये शेवरले कॉर्व्हेट आणि लोटस एस्प्री यांच्याबरोबर संपले. एलईडी आल्यावर दिव्याला आकाराचे बंधन जवळजवळ राहिलेच नाही. २००७ च्या लेक्सस एलएस ६०० एच मध्ये खालच्या झोताचा दिवा पहिल्यांदा एलईडीचा झाला, आणि युरोपमध्ये २०११ पासून नव्या प्रकारच्या गाड्यांना दिवसा जळणारे दिवे सक्तीचे झाले. तंत्राने एवढे स्वातंत्र्य दिले, की दिवा कसाही काढता आला असता: हसरा, झोपाळू, विचारमग्न. सगळ्यांनी मिळून भुवया आक्रसलेला रागच निवडला. हा राग कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेला नाही.

तो विकला जातो, हे मात्र खरे असावे. ऑस्ट्रियातील संशोधकांनी २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात लोक गाडीच्या पुढच्या भागाला माणसाच्या चेहऱ्यासारखेच गुण चिकटवतात आणि त्यात त्यांचे आपापसांत बरेच एकमतही होते, असे दिसले. रुंद, बसकी ठेवण, बारीक तिरपे दिवे आणि पसरट हवातोंड असले, की चेहरा प्रौढ आणि वर्चस्व गाजवणारा वाटतो. त्यामुळे तिसरे स्पष्टीकरण, म्हणजे ग्राहकाला हेच हवे आहे, हे मला सबब वाटत नाही. ते खरे आहे आणि म्हणूनच अस्वस्थ करणारे आहे. १९४८ च्या कॅडिलॅकला लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचलेले छोटे पंख फुटले आणि १९५९ पर्यंत ते हास्यास्पद उंचीला पोहोचले, तेव्हाही ते कोणत्या अभियंत्याने मागितलेले नव्हते. पंखांनी निदान कोणाला फारशी इजा होत नव्हती. उंच, सरळसोट नाकाचे तसे नाही. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने २०२३ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार ४० इंचांहून उंच बॉनेट असलेल्या वाहनाच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या, उतरत्या बॉनेटच्या वाहनांपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक असते. पादचाऱ्यांच्या नावाने उंची वाढवली असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवून बोलावे.

रेषाप्रेमी

सर्वांचे मनापासून आभार. मला जे उमगले ते असे, की छताची कमान आणि मागची कापलेली शेपटी ही वाऱ्याची, जाड खांब हे छताच्या नियमाचे, बॉनेटखालची थोडी पोकळी पादचारी नियमाची, आणि उंची, चाके व चेहरा ही आपली. यात काही चुकत असेल तर दुरुस्त करावे.

एक शेवटची शंका आहे. कोणताही सुरक्षानियम न मोडता, कोणताही महागडा नवा शोध न लावता, आजच्या एका सामान्य एसयूव्हीत एकच गोष्ट बदलायची मुभा दिली, तर मातीकाम यांनी काय बदलले असते?

मातीकाम

खिडक्यांखालची रेषा ४० मिमी खाली आणली असती. बाकी काहीही केले नसते. चाळीस मिलिमीटर म्हणजे दोन बोटांची जाडी. पण माती खरवडताना आमच्याकडे पाच मिलिमीटरवरून दिवसभर वाद होतात, त्यामुळे ४० म्हणजे वेगळी गाडी होय. मागचे_आसन यांच्या मुलांनाही बाहेरचे दिसेल.

वजन वाढेल असा आक्षेप मी बैठकींमध्ये अनेकदा ऐकला आहे, म्हणून त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवतो. चार मिलिमीटर जाडीची काच प्रत्येक चौरस मीटरला सुमारे १० किलो भरते आणि ०.७ मिमीचा पोलादी पत्रा सुमारे साडेपाच किलो. तीन मीटर लांबीच्या पट्टीत दोन्ही बाजूंनी ४० मिमी उंचीचा पत्रा काढून काच घातली, तर जागा ०.२४ चौरस मीटर होते आणि वजनातला फरक सव्वा किलोच्याही आत राहतो. एवढ्यासाठी अडून बसण्याचे कारण नाही.

वाऱ्याचा_वेध

वजनाचा हिशोब बरोबर आहे, आणि वाऱ्याचीही त्याला हरकत नाही, कारण काच आणि पत्रा एका पातळीत असले की त्या दोहोंतला फरक वाऱ्याला कळत नाही. उन्हाची उष्णता थोडी अधिक आत येईल, तीही हाताळता येण्याजोगी आहे.

अडचण दाराच्या आत आहे. रेषा ४० मिमी खाली आली म्हणजे काच ४० मिमी उंच झाली आणि ती ज्या दारात उतरायची त्याची खोली तेवढीच कमी झाली. पुढच्या दारात हे जमून जाईल. मागच्या दाराचा खालचा मागचा कोपरा मात्र चाकाच्या कमानीने खाल्लेला असतो, त्यामुळे काच खाली येताना कमानीवर अडकते आणि अर्ध्यावर थांबते. अनेक गाड्यांत मागची काच पूर्ण उतरत नाही ती याचमुळे. काही जण काचेच्या मागच्या टोकाला उभी पट्टी घालून तिथे छोटी, न हलणारी तिकोनी काच बसवतात. पण ७४० मिमीचे चाक असताना ती पट्टी इतकी पुढे आणावी लागेल, की हलणारी काच निम्मीच उरेल. आपल्याला ४० मिमी हवे असतील, तर आधी चाकाच्या व्यासातून निदान ५० मिमी मला द्यावे लागतील. विक्री विभागाकडून ते आपण मिळवून देणार असाल, तर दाराचा आराखडा करायला मी बसतो.